कातडीतलं ऊन

पोलक्याचं शेवटचं बटण काढून कुमुदिनीने कापड अंगापासून दूर करायला हात घातला, तर ते सुटेना. तिला आधी वाटलं, घाम असेल. मे महिन्यातली चेन्नई. घाम कुठे नसतो! तिने जरासं ओढलं. कापड आलं, पण येताना आपल्याबरोबर काहीतरी घेऊन आलं, आणि मग अंमळ उशिराने छातीखालून पाठीपर्यंत अशी झणझणीत कळ गेली की तिने समोरची खुंटीच धरली. इस्पितळातली ती कपडे बदलायची जागा म्हणजे पडदा लावून केलेला आडोसा. आरसा, खुंटी, प्लास्टिकचं स्टूल. पडद्याखालून बाहेरच्या माणसांचे पाय दिसायचे. आरशात बघायचं नाही असं तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. आज बघावं लागलं. डावा स्तन हाताने उचलून तिने पाहिलं. त्याखालच्या घडीतली कातडी कडेला गोळा झाली होती आणि मधे ओली, लाल, चकाकणारी जागा उघडी पडली होती. पोलक्याच्या आतल्या बाजूला पिवळसर डाग होता. तिने डाग आत जाईल अशी पोलक्याची घडी घातली, त्या घडीवर साडी ठेवली आणि इस्पितळाचा गाऊन चढवला. बाहेरून भव्याने हाक मारली, “अम्मा, झालं का?” भव्या त्या विभागातली नर्स. “आले, आले,” कुमुदिनी तमिळमध्ये म्हणाली, आणि आपला आवाज वर्गात हजेरी घेताना असायचा तसा निघाला याचं तिला बरं वाटलं.

यंत्राखाली निजायचं, डावा हात डोक्यामागे टेकवायचा, मान उजवीकडे वळवायची. खोलीतले दिवे मंद करून यंत्र चालवणारी दोन मुलं तिच्या अंगावरच्या निळ्या खुणा हिरव्या उजेडाच्या रेषांशी जुळवत. ‘थोडं खाली, अम्मा. बस्स.’ किरणांच्या या उपचाराला इथे सगळे ‘करंट’ म्हणत. आज करंट झाला का, अजून किती करंट आहेत. करंट कळत मात्र काहीच नसे; एक बारीक गुणगुण, यंत्राचं वळणं, संपलं. खरं सांगायचं तर या खोलीतल्या त्या पाच-दहा मिनिटांची कुमुदिनीला सवय झाली होती, जवळजवळ ओढच म्हणा. त्या मुलांची नजर तिच्यावर नसायची, खुणांवर असायची. गाठ काढायच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्या उघड्या छातीकडे कुणी पाहिलं आणि आपण आक्रसलो नाही, असं फक्त इथेच घडत होतं. आज मात्र ती मंद उजेडाचे आभार मानत पडून राहिली. त्यांना दिसलं नाही. खुणा दुसरीकडे होत्या.

दिसू द्यायचं नव्हतं, याला एक कारण होतं, आणि ते कारण बाहेर बाकावर बसलं होतं. तुळसीबाई. तुळसीबाईंच्या घरातलं मराठी तंजावरचं, कित्येक पिढ्यांचं. पहिल्यांदा वेटिंग हॉलमध्ये ते कानावर पडलं तेव्हा कुमुदिनीला वाटलं होतं, कुणी पोथी वाचतंय. त्यांचे यजमान अनंतकृष्ण बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना गळ्याला करंट चालू होता. सगळ्या हॉलसमोर तुळसीबाई नवऱ्याची मान आपल्याकडे वळवून घ्यायच्या, बोटावर मलम घ्यायच्या आणि इडलीचं पीठ या उन्हात कसं पटकन आंबतं हे सांगत सांगत त्याच्या काळ्या पडलेल्या गळ्याला ते लावायच्या. कुमुदिनी अशा वेळी भिंतीवरच्या टीव्हीकडे बघायची. त्या तुळसीबाईच एकदा म्हणाल्या होत्या, “यांचें मध्येंच थांबविलें हो. कातडें फुटलें म्हणोन. आणीक मग पुढें लांबत गेलें, कण्णा.” कण्णा म्हणजे बाळा; तसं त्या सगळ्यांनाच म्हणत. ते ‘थांबविलें’ कुमुदिनीच्या मनात रुतून बसलं होतं. थांबवलं म्हणजे आत जे काही उरलंसुरलं असेल त्याला तेवढे दिवस मोकळं रान. म्हणून गेला आठवडाभर, घडीत जळजळायला लागल्यापासून, भव्याने “त्रास आहे का?” विचारलं की ती “काही नाही, थोडं लाल आहे” म्हणत आली होती. पण ते एकच कारण होतं असं नाही. दुसरं बाहेर छत्री घेऊन उभं होतं.

तिचे यजमान वसंतराव रोज तसेच उभे असत. एका हातात छत्री, दुसऱ्यात थर्मास, खांद्याला फायलींची पिशवी. चेन्नईजवळच्या आवडी गावात संरक्षण खात्याच्या कारखान्यात भांडाराचं काम करून निवृत्त झालेला माणूस. कोणती वस्तू कुठे आहे हे त्यांना कधी शोधावं लागत नसे. दुखण्याची बाहेरची सगळी बाजू त्यांनी अशीच लावून टाकली होती. टॅक्सी बोलावणं, शहाळं, रिपोर्ट, तिच्या डाव्या अंगावर ऊन येऊ नये म्हणून गाडीत कोणत्या बाजूला बसायचं ते. अंगाला घासणार नाही असं मऊ कापड हवं, असं भव्याने सांगितलं त्याच दिवशी त्यांनी आपल्या दोन धुऊन धुऊन विरलेल्या वेष्ट्या, इकडची सुती धोतरं, फाडून शिंप्याकडे टाकल्या आणि तिला सैल पोलकी शिवून आणली. पोलकी आणून त्यांनी पलंगावर ठेवली. पण त्याआधी दारावर टकटक केली. तीस वर्षांत या माणसाने आपल्याच निजायच्या खोलीच्या दारावर कधी टकटक केली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर तिला घरी आणलं तेव्हापासून ते बोटाच्या पेराने हलकेच वाजवायला लागले होते; आत यायचे ते नजर खिडकीकडे लावून. किती सभ्य, असं ऊर्मी म्हणाली होती. ऊर्मी त्यांची मुलगी, इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर, रविवारी यायची. कुमुदिनीला ते सभ्यपण सोसवत नव्हतं. परक्या बाईच्या खोलीत जाताना वाजवतात तसं ते वाजवणं. आत काय आहे ते बघायला लागू नये म्हणून दिलेली सूचना.

तिरुमुल्लैवायलला घरी पोचल्यावर तिने न्हाणीघराची कडी लावली. कोमट पाणी घेतलं, मऊ फडक्याने टिपलं, सगळं भव्याने सांगितलं होतं तसं. मग फळीवर साबणामागे लपवलेला डबा काढला आणि नको सांगितलेलं तेच केलं. घडीत पावडर लावली. पावडर लावायची नाही, अत्तर नाही, सुवासिक साबण नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण घाम! या गावात आल्यापासून कुमुदिनीचं अर्धं लक्ष कायम आपल्या काखेत असे. लहानपणी नगरला चौथीत असताना शेजारच्या बाकावरची मुलगी नाकाला रुमाल लावून दुसरीकडे जाऊन बसली होती. बाकी काही नाही, एवढंच. त्या मुलीचं नावही आता आठवत नाही, पण रुमालाची हिरवी किनार आठवते. पुढे केंद्रीय विद्यालयात हिंदी शिकवताना, पाचव्या तासाला फळ्यावर हात वर करून लिहायचं म्हटलं की ती आधी खिडकीपाशी जायची, वारा कुठून येतो ते बघायची. आता तर त्या घडीतून एक वेगळाच वास यायला लागला होता. घामाचा नाही. गोडसर, ओलसर. तो आपल्याला येतो तर दुसऱ्याला यायला किती वेळ? पावडर ओल्या जागेवर पडली आणि तिथल्या तिथे तिचा लगदा झाला. ती दात आवळून उभी राहिली. बाहेरून वसंतराव म्हणाले, “पाणी फार कढत नाही ना गं? गार मिसळू का?” “नको,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लपून राहिलं नाही. यंत्राखालून उठून बसताना गाऊनच्या पांढऱ्या कापडावर डाग उमटलेला भव्याने पाहिला. तिने कुमुदिनीच्या पाठीला हात लावला आणि पलीकडच्या खोलीत नेऊन निजवलं, गाऊन बाजूला केला. कुमुदिनीने डोळे मिटले. आता हिच्या चेहऱ्यावर जे येईल ते बघायचं नाही.

“अम्मा, पावडर?”

कुमुदिनीने मान हलवली.

“परवायिल्लै,” भव्या म्हणाली. असू दे, काही हरकत नाही, अशा अर्थाने हा शब्द कुमुदिनीने गेली तीस वर्षं भाजीवाल्यांपासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकला होता. आज तो ऐकून तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात गेलं. डॉक्टर आल्या. त्यांनी वाकून पाहिलं, घडीच्या कडेला बोटाने हलकेच दाबलं. घडीत हे होतं, त्या म्हणाल्या, तिथे कातडीला कातडी घासते, घाम असतो; लवकर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. “आता थांबवणार?” कुमुदिनीने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “नाही थांबवणार. संपतच आलंय तुमचं. पण हे रोज दोनदा स्वच्छ करून त्यावर न चिकटणारी पट्टी ठेवायची. आणि तुम्हाला स्वतःला ही जागा दिसत नाही. घरी कोण आहे?”

“मीच करीन,” कुमुदिनी म्हणाली. “आरसा धरून.”

“एका हाताने उचलणार, एकाने पुसणार, आणि आरसा?” डॉक्टर हसल्या. “भव्या, सरांना बोलव. बघून घेऊ दे त्यांना.”

भव्या दाराकडे गेली. कुमुदिनी छताकडे बघत पडली. तिला हे होऊ द्यायचं नव्हतं, आणि का होऊ द्यायचं नव्हतं ते या पडलेल्या अवस्थेत तिच्यासमोर एकदम आलं. तिच्या सासूबाई. मिरजेहून आवडी गावातल्या क्वार्टरमध्ये आल्या त्या खुबा मोडून, आणि मग उठल्याच नाहीत. पाठीला, कमरेखाली जखमा झाल्या. त्या जखमा कुमुदिनी पुसायची, सकाळी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर. वसंतराव दारात उभे राहायचे, आईच्या उघड्या पाठीकडे पाहायचं कसं म्हणून आत यायचे नाहीत. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. आणि ती सून चेहरा छान ठेवायची. तोंड हसरं, हात हलका, बोलणं गोड. आणि आतून श्वास रोखून धरायची, तरी नाकाशी आलेला तो वास जेवणाच्या ताटापर्यंत सोबत यायचा. हे कुणाला कळलं नाही असं ती समजून होती. एक दिवस कुशीवर वळवलेल्या सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “श्वास घे गं, कुमुद. गुदमरशील.” रागाने नव्हे. टोमणाही नव्हता, किंवा असेल. इतक्या वर्षांत तिला ते ठरवता आलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की निजलेल्या माणसाला सगळं कळतं. पाठीनेसुद्धा कळतं. आणि आता आपण निजलेल्या आहोत आणि वसंतराव चेहरा छान ठेवून येणार. तो छान ठेवलेला चेहरा आपल्याइतका दुसऱ्या कुणाला ओळखता येईल?

ते आले. दाराशी त्यांनी टकटक केली, उघड्याच दारावर. भव्याने त्यांना हात धुवायला लावले. ते बराच वेळ धूत राहिले, कोपरापर्यंत. मग चष्मा बदलला. खिशातून वाचायचा काढला, तो लावला, पुसला, परत लावला. “इथे, सर,” भव्या म्हणाली, “असा हाताचा तळवा खाली घालायचा आणि उचलून धरायचं. घाबरू नका. हे पाणी. कापसाने घासायचं नाही, नुसतं टिपायचं, असं.” कुमुदिनी पंख्याकडे बघत होती. मग तिला नवऱ्याचा हात लागला. गार होता, धुतलेला. किती महिन्यांनी तिथे त्यांचा हात आला होता, आणि तो असा. तिने सगळं लक्ष कानांशी आणलं. पाण्याचा आवाज. कापूस उचलल्याचा आवाज होत नाही. आणि मग, ती ज्याची वाट बघत होती ते झालंच. वसंतरावांचा श्वास थांबला.

ती किती वेळ तशीच पडून राहिली कोण जाणे. बहुधा थोडाच. पण तेवढ्यात ती सासूबाईंच्या जागी जाऊन भिंतीकडे तोंड करून आली. मग तिने पंख्याला म्हणावं तसं म्हटलं, “श्वास घ्या. गुदमराल.”

“थांब गं!” वसंतराव खेकसले. “श्वास घेतला की हात हलतो. लागेल तुला.”

भव्याला मराठी कळत नव्हतं; तिने विचारलं, “काय झालं?” कुमुदिनीने मान वळवून पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा मुळीच छान नव्हता. भुवया एकमेकींत गुंतलेल्या, खालचा ओठ दातांत, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब, तो आता पडतो का मग पडतो. बटण शिवायला सुईत दोरा ओवताना त्यांचा असाच चेहरा होई. पट्टी नीट बसल्यावर त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला, कारखान्यात भोंगा झाल्यावर सोडत असतील तसा, आणि मागे सरून खुर्चीवर बसले. त्यांचे डोळे भरले होते. “एवढं झालं होतं, बोलली का नाहीस?” ते म्हणाले. कुमुदिनी वेगळाच विचार करत होती. आपण सासूबाईंच्या पाठीशी श्वास रोखायचो तो वासाने, हे तिने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. वास होताच. पण त्या म्हातारीच्या कातडीला जरा जोर लागला तर ती बोटाखाली सरकायची, आणि आपलाही हात तेव्हा थरथरायचा, हे कसं विसरलो? किती वासाने आणि किती हात हलू नये म्हणून, ते आता वेगळं काढता येत नव्हतं. कदाचित त्या वेळीही आलं नसतं. म्हातारीने मात्र सगळंच ऐकलं असेल.

टॅक्सीत बसल्यावर वसंतरावांनी तिच्या बाजूच्या काचेला टॉवेल अडकवला. गाडी अंबत्तूरला आली. मग तीच म्हणाली, “दारावर टकटक कशाला करता हो?”

“मग काय करू?”

“तीस वर्षं नाही केलीत.”

सिग्नलला गाडी थांबली, सुटली. “घरी आलीस त्या दिवशी मी औषध घेऊन आत आलो,” ते म्हणाले, “तर तू चादर अशी गळ्यापर्यंत ओढलीस. आणि अशा नजरेने बघितलंस की... मला वाटलं, हिला नको आहे मी. म्हटलं, कळवून जात जावं.”

“मी ओढली?”

“हो.”

तिला आठवत नव्हतं. तिने आठवून पाहिलं, चादर आठवली, पलंग आठवला. आपला हात आठवेना. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, एसी वाढवू का, सार? “वाढव,” वसंतराव म्हणाले, आणि हात तिच्या मांडीवर ठेवून पुढे रस्त्याकडे बघत राहिले.

मग रोज सकाळ-संध्याकाळ ते काम वसंतरावांचं झालं. ती पलंगावर पडायची, ते चष्मा बदलायचे, पुटपुटत टिपायचे. पहिले काही दिवस ते पुटपुटणं स्वतःशीच असे. नंतर टिपून झाल्यावर मत देऊ लागले. “कड सुकतेय.” “आज रंग बरा आहे.” एकदा चिडलेही, “तू हललीस!” पावडरचा डबा त्यांनी न विचारता बाहेर टाकला. घामाचं काय, असं ती एकदा धीर करून म्हणाली, तर ते म्हणाले, “काय घामाचं? मला येतो तसा तुला येतो.” एवढ्यावर विषय संपला. तिला थोडा रागच आला. चौथीपासून जपलेली गोष्ट कुणी अशी एका वाक्यात काढून टाकायची असते का!

करंट संपला त्या दिवशी तुळसीबाईंनी त्या दोघांना बोलावून घरून आणलेला रवा केसरी हातावर ठेवला. अनंतकृष्णांचं अजून चालू होतं. ते बोलू शकत नव्हते, त्यांनी नुसते हात जोडले. सगळं संपलं असं समजून दोघं घरी आली, आणि संपलं नव्हतं. कातडी त्यानंतरच जास्त पेटली. यंत्र थांबलं तरी आत गेलेलं ऊन थांबलं नव्हतं. काखेपासून खालपर्यंत सगळा भाग वांग्यासारखा काळा-जांभळा झाला, घडीतली जागा पुन्हा ओली झाली. एका दुपारी पट्टी काढताना कुमुदिनी मोठ्याने रडली, लहान मूल रडतं तशी, कशाची पर्वा न करता. वसंतरावांनी भव्याला फोन लावला. “असंच असतं, सर,” पलीकडून भव्या म्हणत होती, “संपल्यावर दोन आठवडे वाढतं, मग उतरतं. जे करताय तेच करा.” फोन ठेवून ते तिच्याशेजारी बसले. काय करावं ते न सुचून त्यांनी वर्तमानपत्राने वारा घालायला सुरुवात केली. पंखा चालू होता, तरी घालत राहिले. ती रडता रडता झोपली.

उतरलं ते एकदम कळलं नाही. काळे पापुद्रे अंघोळीच्या फडक्यावर यायला लागले, खाली गुलाबी दिसायला लागलं. ऊर्मीने रविवारी पाहिलं आणि म्हणाली, “आई, खाली नवी आलीय की गं.” तरी पाणी लागलं की चुरचुरायचंच, म्हणून कुमुदिनी तांब्या उजव्या खांद्यावरून ओतायची, डावी बाजू पुसून घ्यायची.

आणि एका सकाळी, जुलै लागला असेल, ती न्हाणीघरात सवयीने उजवीकडून पाणी ओतत होती, तर साबण हातातून निसटला. तो धरायला वाकताना भिंतीवरच्या उंच नळाची धार थेट डाव्या छातीवर पडली. ती दचकून आक्रसली, येणाऱ्या कळेसाठी तयार झाली. कळ आली नाही. तिने हळूच सरळ होऊन धार पुन्हा अंगावर घेतली. पाणी गार होतं, वरच्या टाकीतलं, रात्रीचं. ते खांद्यावरून उतरलं, कापलेल्या जागेच्या खळीत थांबलं, घडीत गेलं, पोटावरून खाली गेलं, आणि सगळीकडे ते नुसतं पाणीच होतं.

“अहो!” ती ओरडली.

बाहेर काहीतरी पडलं. चपला फटफटल्या. “काय झालं? पडलीस? कडी काढ!”

“काही नाही झालं. पाणी लागत नाहीये.”

“काय?”

“पाणी! चुरचुरत नाहीये. कुठेच.”

मग वसंतराव म्हणाले, “अगं मग... असं का ओरडायचं? जीव गेला माझा.” पण ते दारापासून हलले नाहीत. ती धारेखाली उभी होती. हात वर केला, काखेत पाणी घेतलं, पाठ वळवली, पुन्हा फिरली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. चेन्नईत पाण्याचे टँकर मोजून आयुष्य काढलेला तो माणूस. दात घासताना नळ चालू राहिला तर स्वयंपाकघरातून ओरडणारा. एरवी एव्हाना त्याने दोनदा हटकलं असतं. धार बारीक झाली, मग तुटक झाली. टाकी संपली होती. ती नळ बंद करायला गेली.

“राहू दे उघडा,” बाहेरून वसंतराव म्हणाले. “मोटर लावतो.”

त्यांच्या चपला जिन्याकडे गेल्या. थोड्या वेळाने खाली मोटर घुरघुरली, आणि भिंतीतल्या पाइपातून हवा खोकत खोकत पाणी वर चढू लागलं.